पहिले शस्त्र : प्रतिष्ठेचे की सरावाचे?

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रे पुजण्याची परंपरा आहे. जुन्या घरांतील तलवारी, कट्यारी त्या दिवशी पेटीतून बाहेर निघतात, त्यांना हळदकुंकू लागते, झेंडूची फुले वाहिली जातात आणि नंतर त्या पुन्हा पेटीत जातात. या परंपरेविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात नितांत आदर आहे. परंतु स्वसंरक्षणासाठी परवान्याने घेतलेल्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीतही हाच क्रम चालू राहतो, तेव्हा तो चिंतेचा विषय होतो. कपाटात बंद असलेले, वर्षानुवर्षे न झाडलेले, धन्याच्या हाताची ओळख नसलेले असे शस्त्र कोणाचेही रक्षण करीत नाही. उलट, ज्याच्याजवळ ते असते त्याच्या मनात ते एक खोटी निश्चिंती निर्माण करते, आणि निःशस्त्र माणसाच्या सावधपणापेक्षा ही निश्चिंती अधिक घातक असते.

मे २०२५ मध्ये आसाम सरकारने दुर्गम आणि संवेदनशील भागांतील मूळ रहिवाशांना शस्त्रपरवाने देण्याचे धोरण उदारपणे राबविण्याचा निर्णय घेतला, तेव्हा देशभर त्यावर पुष्कळ चर्चा झाली. परवाने द्यावेत की देऊ नयेत, यावर दोन्ही बाजूंनी शाई खर्च झाली. परंतु परवाना मिळाल्यानंतर त्या माणसाने कोणते शस्त्र घ्यावे, ते कसे बाळगावे आणि ते चालवायला त्याला कोण शिकवणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. महाराष्ट्रातही परिस्थिती वेगळी नाही. पेढीवरून रात्री रोकड घेऊन परतणारा सराफ, आडवाटेच्या शेतवस्तीवर राहणारा बागायतदार, ज्यांना प्रत्यक्ष धमक्या आलेल्या आहेत असे वकील वा कार्यकर्ते यांपैकी काहींना रीतसर परवाना मिळतो. तो हाती पडला की ते मित्रमंडळींत एकच प्रश्न विचारतात, ‘कोणते घेऊ?’ आणि बहुधा त्यांना जे उत्तर मिळते ते चुकीचे असते.

या विषयाला थोडी ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातचे शस्त्र काढून घेतले आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट दिली. गांधीजींनीही १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्याची गणना इंग्रजांच्या काळ्या कृत्यांत केली होती. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो राज्यघटनेत आणण्याची उपसूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. ते योग्यच झाले, असे आमचे मत आहे. कारण गुन्हेगारालाही जो हक्क म्हणून मागता येतो, तो सज्जनाच्या कामाचा राहत नाही. १९५९ च्या कायद्याने मधला मार्ग काढला. शस्त्र हा हक्क नव्हे, परंतु परवाना ही केवळ श्रीमंतांची मिरासदारीही नव्हे. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे त्या कायद्याच्या १४ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. ही तरतूद किती जणांना ठाऊक असते, कोण जाणे!

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. आपल्या देशात सामान्य परवानाधारकाला जे हातशस्त्र घेता येते, त्याचा आवाका मुळातच लहान आहे. चित्रपटांत आणि परदेशी मासिकांत दिसणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल येथे नागरिकाला मिळत नाही. ते ‘प्रतिबंधित बोअर’ या वर्गात मोडते. राहते ते प्रामुख्याने .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर, .३२ बोअरचे पिस्तूल आणि .२२ बोअरची हलकी शस्त्रे. सामान्य नागरिकासाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे त्यापूर्वी देशात आलेली वेब्ली अँड स्कॉट, वॉल्थर अशा नावांची जुनी शस्त्रे हस्तांतराने फिरत राहिली आणि त्यांच्या किमती लाखांत गेल्या. इथेच पहिली फसगत होते. ‘इंपोर्टेड आहे’ या एका शब्दावर माणूस पन्नास-साठ वर्षांचे, झिजलेल्या खटक्याचे, सुटे भाग न मिळणारे पिस्तूल अव्वाच्या सव्वा किमतीस घेतो. ज्या वस्तूवर प्राण अवलंबून राहायचे, ती आपण चांदीच्या जुन्या भांड्यासारखी पारखतो. पहिले शस्त्र म्हणून असली खरेदी सर्वथा टाळावी. ज्याला संग्रहाचा छंद असेल, त्याने तो पुढे जरूर करावा. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, हेही त्याने ध्यानात ठेवावे.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, हा खरा वाद. पिस्तूल चपटे असते, अंगावर चांगले लपते, त्याचे मॅगझिन पटकन बदलता येते. हे सारे गुण मान्य. परंतु पिस्तूल ही शिस्तीची वस्तू आहे. मॅगझिन बसवणे, स्लाइड मागे ओढून गोळी नळीत आणणे, सेफ्टी लावणे आणि काढणे या क्रिया ज्याच्या हाताला झोपेतही येतात, त्यानेच ते बाळगावे. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा नवख्यांचा समज तर जीवघेणा ठरला आहे. नळीतली एक गोळी तशीच राहते. गोळी अडकली तर ती काढण्याची रीत वेगळी, आणि ती अंधारात, छाती धडधडत असताना, समोर माणूस धावून येत असताना करायची असते.

रिव्हॉल्व्हरचे तसे नाही. सिलिंडर उघडले की सहाच्या सहा कप्पे डोळ्यांसमोर येतात. भरलेले आहे की रिकामे याविषयी शंकेला जागा राहत नाही. एखादे काडतूस उडाले नाही, तर दुसऱ्यांदा चाप ओढायचा, पुढचे काडतूस आपोआप नळीसमोर येते. घोडा न चढवता नुसता चाप ओढून झाडायचे म्हटले तर तो चाप लांब आणि जड असतो. नवखा माणूस त्याबद्दल कुरकुर करतो. परंतु हा जडपणाच त्याचा रक्षक आहे. घाबरलेल्या बोटाने नकळत गोळी सुटू नये, एवढी सवड तो देतो. म्हणून ज्याचे हे पहिलेच शस्त्र आहे आणि ज्याला आठवड्यातून दोन दिवस सरावाला देणे शक्य नाही, त्याने .३२ चे साधे, नवे, देशी बनावटीचे रिव्हॉल्व्हर घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कानपूरच्या शासकीय कारखान्यात बनणारे हे रिव्हॉल्व्हर दिसायला देखणे नाही, मित्रांत मिरवण्यासारखे तर मुळीच नाही. त्याची घडण जुन्या वेब्लीच्या वळणाची, मधल्या सांध्यावर मोडून उघडणारी आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी शस्त्रे बनविणाऱ्या कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबळ’ हे नवे रिव्हॉल्व्हर आणले. त्याचे सिलिंडर बाजूला उघडते, त्यामुळे ते भरणे व रिकामे करणे अधिक सुलभ झाले आहे. खाजगी क्षेत्रानेही आता या उत्पादनात पाऊल टाकले आहे. थोडक्यात, परदेशी नावाच्या मागे धावण्याचे कारण पूर्वीही फारसे नव्हते, आज तर मुळीच उरलेले नाही.

‘निर्भीक’विषयी मात्र चार शब्द अधिक लिहिले पाहिजेत. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून हे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आले. वजन सुमारे अर्धा किलो, बोअर .३२, आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात! रात्रपाळीहून बसने घरी परतणाऱ्या कोणत्या मुलीला हे परवडणार होते? त्या अभागी मुलीच्या नावाची आठवण एका वस्तूच्या जाहिरातीशी जोडताना कोणाच्या मनात काय होते, हे सांगणे कठीण. परंतु तिचे रक्षण करण्यात जी व्यवस्था अपुरी पडली, तिच्याच कारखान्याने तिच्या बहिणींना सव्वा लाखाची वस्तू दाखवावी, यातील विसंगती डोळ्यांत खुपल्यावाचून राहत नाही. पुढे इशापूरच्या कारखान्याने .२२ बोअरचे ‘निडर’ आणले. ते अडीचशे ग्रॅमच्या आसपासचे आणि किमतीने बरेच स्वस्त. पण त्याचे काडतूस फार दुबळे. ज्या स्त्रीच्या मनगटाला .३२ खरोखरच पेलत नाही, तिच्यासाठी ते असावे. इतरांनी केवळ हलके म्हणून त्याच्या वाटेस जाऊ नये.

हलकेपणाचा हा मोह समजून घेण्यासारखा आहे. दुकानात हातात घेतलेले हलके शस्त्र मोठे गोजिरवाणे वाटते. परंतु झाडताना बसणारा धक्का शस्त्राचे वजनच पचवते. शस्त्र जितके हलके, तितका धक्का मनगटाला अधिक आणि दुसरी गोळी नेमावर येण्यास वेळ अधिक. नळी जितकी आखूड, तितके नेम धरणे कठीण. दुकानात पाहायचे ते वेगळेच असते. शस्त्र पूर्ण रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, मूठ नीट धरून, तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोहोचते का ते पाहावे. पोहोचण्यासाठी मूठ फिरवावी लागत असेल, तर ते शस्त्र आपल्या हाताचे नव्हे. पूर्ण जड चाप ओढताना समोरची माशी डळमळते का, हे पाहावे. नवऱ्याने बायकोसाठी किंवा मुलाने वडिलांसाठी परस्पर पसंती करू नये. ज्याच्या नावावर परवाना, त्याच्याच हाताचे माप घ्यावे. चपला घेताना आपण एवढी काळजी घेतोच की!

.३२ च्या काडतुसाला जाणकार नावे ठेवतात. ते ९ मिलिमीटरच्या तुलनेत दुबळे आहे, यात वाद नाही. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहावी. नेमबाजीच्या सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत, ज्या प्रकारात जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आणि २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धांत सुवर्णपदके मिळविली, सर्वसाधारणपणे .३२ चेच काडतूस वापरले जाते; कारण ते सौम्य असून अचूक आहे. चार-पाच पावलांवर, जिथे खरा प्रसंग घडतो, तिथे योग्य ठिकाणी बसलेली दुबळी गोळी ही भिंतीत गेलेल्या बलवान गोळीहून अधिक कामाची असते. काडतुसे मात्र जुनी, ओल लागलेली ठेवू नयेत. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘केएफ’ अशी मुद्रा असलेली काडतुसे पिढ्यान्‌पिढ्या परवानाधारकांच्या परिचयाची आहेत. दर वर्षी जुनी सरावात झाडून टाकावीत आणि नवी घ्यावीत, हा साधा नियम.

शस्त्र अंगावर बाळगण्याचे नियम २०१६ च्या शस्त्र नियमावलीत आहेत. सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र होल्स्टरमध्ये आणि पूर्णपणे झाकलेले असावे, ते बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे, आणि ते परजून दाखवणे सर्वथा वर्ज्य आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्या वीरांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली आहे. पट्ट्याला लटकवलेले रिव्हॉल्व्हर सदऱ्याखालून मुद्दाम दिसू देणाऱ्या मंडळींनी हे वाचावे. दिसणारे शस्त्र लुटारूला आधी सावध करते आणि मग मोहात पाडते. होल्स्टर चापाला पूर्ण झाकणारे, घट्ट आणि चांगल्या कातड्याचे असावे. त्यावर हजार-दोन हजार रुपये वाचवू नयेत. स्त्रियांना पर्समध्ये शस्त्र ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो आम्हाला मान्य नाही. हिसकावून नेली जाते ती पहिली वस्तू पर्स. आणि किल्ल्या, रुमाल, कंगवा यांच्या गर्दीत हात घालून शस्त्र शोधायला लुटारू वेळ देत नाही. पर्स वापरायचीच, तर तिच्यात शस्त्रासाठी स्वतंत्र, बंदिस्त कप्पा हवा आणि ती खांद्यावरून खाली ठेवायची नाही. आपल्या हवेचाही विचार हवा. कोकणातला पाऊस आणि मुंबईचा घाम पोलादाला खातो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी शस्त्र पुसून तेलाचा हलका हात फिरवावा. शिवाय परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे, हे पाहिल्याशिवाय जिल्ह्याची वेस ओलांडू नये. कोल्हापूरचा माणूस बेळगावला लग्नाला म्हणून जातो आणि महाराष्ट्रापुरत्या परवान्यावर तिथे नकळत आरोपी होऊन बसतो.

घरात शस्त्र कसे ठेवावे, याविषयी आपल्याकडे कमालीची बेफिकिरी आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतील घरी, कपाटात ठेवताना रिव्हॉल्व्हर हातातून निसटले, गोळी सुटली आणि त्यांच्या पायात गुडघ्याखाली शिरली. ते बचावले, ही ईश्वराची कृपा. जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याला अडवणारी अंतर्गत व्यवस्था नसते. घोड्यावर आघात झाला की त्याखालचे काडतूस उडू शकते. म्हणूनच जुने लोक घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवीत, आणि नवे शस्त्र घेताना ते खाली पडले तरी उडणार नाही अशी योजना त्यात आहे का, हे विक्रेत्याला विचारायलाच हवे. कपाटात जाणारे शस्त्र रिकामे असावे, काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत आणि किल्ली देवघरातल्या खिळ्यावर टांगलेली नसावी. घरात लहान मूल असेल, तर त्याला शस्त्राची जागा माहीत नाही असे समजणे हा भाबडेपणा आहे. मुलांना घरातले सारे ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. गोळी सुटल्यानंतरचे आयुष्यही आपल्यालाच जगायचे असते. आत्मसंरक्षणाचा हक्क आपल्या कायद्यात आहे आणि तो भक्कम आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाच्या ९६ ते १०६ या कलमांत तो होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो आला आहे. मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण, अॅसिड हल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली. संकटात सापडलेल्या माणसाकडून सोन्याच्या काट्यावर तोलल्यासारख्या प्रतिकाराची अपेक्षा करता येणार नाही, हा त्यातला आशय. परंतु आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि पोलिसांकडे धाव घेण्यास अवधी असेल तर हा हक्कच उपलब्ध होत नाही. पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत मारलेली गोळी ही आत्मसंरक्षण नव्हे. बांधाच्या भांडणात, गाडीला गाडी घासल्याच्या बाचाबाचीत, सोसायटीच्या सभेत कमरेकडे गेलेला हात हा तर शुद्ध गुन्हा. ज्याला राग आवरत नाही, ज्याला संध्याकाळी पेला लागतो, ज्याच्या घरात कलह धुमसतो आहे, त्याने परवान्याचा अर्जच करू नये. अशांसाठी भक्कम दार, बाहेरचा दिवा, दोन जागरूक शेजारी आणि एक इमानी कुत्रा पुरे.

राहिला सरावाचा प्रश्न, आणि सर्वांत मोठी उणीव इथेच आहे. २०१६ च्या नियमांनी अर्जदाराला शस्त्र व दारूगोळ्याच्या सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक केले. हेतू उत्तम! पण एकदा प्रमाणपत्र मिळाले की पुढे काय? वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे, बालेवाडीला क्रीडासंकुलाचे नेमबाजी केंद्र आहे. ज्या कोल्हापूरने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिस ऑलिंपिकचा कांस्यपदकविजेता स्वप्नील कुसाळे दिले, तिथे नेमबाजीची परंपरा आहे. परंतु ही सारी व्यवस्था क्रीडेसाठी आहे. गडचिरोली, नंदुरबार किंवा सिंधुदुर्गातल्या परवानाधारकाने आपले रिव्हॉल्व्हर वर्षातून पन्नास वेळा कुठे झाडावे? शेतात झाडले तर गुन्हा, आणि काडतुसांची संख्या परवान्यावर मोजून लिहिलेली. मग उरतो तो घरातला कोरडा सराव. जिवंत काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, नकली काडतुसे भरून, भरीव भिंतीसमोर रोज दहा मिनिटे जड चाप सावकाश ओढण्याचा. तो फार उपयोगी आहे. .२२ च्या शस्त्राचा चाप मात्र रिकामा ओढू नये. त्याची सुई कप्प्याच्या काठावर आपटून मोडते.

हे अशक्यप्राय मागणे नव्हे. जम्मूतील राजौरी जिल्ह्यात १ जानेवारी २०२३ रोजी ढांगरी गावावर दहशतवादी हल्ला झाला, त्यानंतर त्या भागातील ग्रामरक्षकांना केंद्रीय राखीव पोलीस दलाने शस्त्रे चालविण्याचे शिक्षण दिले. तेथे जे तातडीने जमले, ते येथे शांतपणे का जमू नये? पोलिसांचे स्वतःचे गोळीबार मैदान असते. महिन्यातला एक रविवार तिथे परवानाधारकांसाठी राखून ठेवावा, शुल्क त्यांच्याकडूनच घ्यावे, सरावाची काडतुसे तिथेच मोजून द्यावीत आणि रिकामी टरफले तिथेच मोजून परत घ्यावीत. पाच वर्षांनी परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज येईल, तेव्हा या मैदानावरील हजेरीची वही तपासावी. ज्याची त्या वहीत एकदाही नोंद नाही, त्याला शस्त्राची गरज नाही असे समजून ते जमा करून घ्यावे. निवडणुका आल्या की शस्त्रे जमा करून घेण्याची यंत्रणा आपल्याकडे आहेच. तीच यंत्रणा एरवीही थोडी राबली, तर पोलिसांवरचा भार वाढण्याऐवजी घटेल. येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने हा प्रश्न गृहमंत्र्यांना विचारावा आणि आपल्या जिल्ह्यात किती परवानाधारक आहेत व त्यांपैकी कितींनी गेल्या वर्षभरात एक तरी गोळी मैदानावर झाडली, याची आकडेवारी सभागृहाच्या पटलावर मागावी.